पाणकावळे हरावेत म्हणून

२८ मार्च, शुक्रवार

ही डायरी मामंजींनी दिली. कोबे कॉर्मोरंट्सच्या फॅन क्लबाची वर्गणी भरली की फुकट मिळते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पंख पसरून उभा असलेला एक काळा पक्षी. कॉर्मोरंट म्हणजे काय ते फोनवर शोधलं, तर पाणकावळा निघाला. टीमच्या नावातच कावळा, मग शकुन काय डोंबल होणार!

मी मराठीत लिहिणार आहे. या घरात कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे मनातलं लिहायला मोकळी.

आज सीझन सुरू झाला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सकाळपासून टीमची टोपी घालून बसलेत, जेवतानासुद्धा काढली नाही. वय चौऱ्याऐंशी, आणि त्यातली साठ वर्षं या टीमवर जीव टाकण्यात गेली. तोरु नागोयाला. बदली झाल्यापासून तो शनिवार-रविवारचा नवरा आहे. तेव्हा तारुमीच्या या घरात मी, मामंजी, आणि टीव्हीवर नचिकेत. दिसला तर.

माझा मुलगा जपानातल्या प्रोफेशनल बेसबॉल टीमचा पिचर आहे म्हटलं की ठाण्यात विद्याताईला वाटतं, बहीण राणीसारखी राहत असेल. तिला काय माहीत! नचिकेत अठ्ठावीसचा झाला. करार एकेका वर्षाचा. मागच्या ऑक्टोबरात त्याच्याबरोबरच्या दोघांना क्लबच्या ऑफिसातून फोन आला, "उद्या सूट घालून या." एवढंच बोलतात. सूट म्हटलं की समजायचं, नारळ मिळाला. नचिकेतला फोन आला नाही, पण नव्या करारावर सही करताना ऑफिसातले साहेब म्हणाले, "या वर्षी काम दिसू दे." अहो, काम दिसायला आधी पोराला मैदानात तर उतरवा!

आज उतरवलं नाही. पाणकावळे एका रनने हरले. नचिकेतचा एकुलता एक सूट माझ्या कपाटात असतो. तो मी आज सगळ्यात मागे ढकलून दिला.

६ एप्रिल, रविवार

मला बेसबॉल कळत नाही असं तोरुचं मत आहे. एवढी वर्षं या घरात काढून कळायचं नाही, म्हणजे मी काय दगड आहे?

मॅच नऊ डावांची, प्रत्येक डावात तीन आउट. पिचर म्हणजे आपला बोलर. पहिला दमला की दुसरे येतात. ते मैदानाच्या कडेला एका शेडमध्ये बसलेले असतात, तिला बुलपेन म्हणतात. तिथेही उतरंड आहेच. आपण पुढे असलो की सगळ्यात भारी पिचर येतो. अटीतटीची असली की त्याच्या खालचे. आणि मॅच पार हातची गेली, सहा-सात रनने मागे पडलो, की चांगल्यांचे हात वाचवायला ज्याला पाठवतात, तो माझा मुलगा. या कामाला जपानीत रीतसर नाव आहे, हाईसेन शोरी. पराभवाची विल्हेवाट. जळणारा कचरा मंगळवारी, प्लास्टिक गुरुवारी आणि पराभव नचिकेतकडे.

बरं, हरतायत तर धड हरावं ना! ते पण नाही. एका रनने, दोन रनने. त्यामुळे नचिकेत शेडमध्ये बसून राहतो, उठतो, हात गरम करतो आणि परत बसतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

१५ एप्रिल, मंगळवार

विद्याताईचा फोन होता.

"जिंकली का गं तुमची टीम?"

"नाही ना. आणि धड हरतही नाही मेली."

"म्हणजे?"

मी तिला उतरंड समजावली. ती हसत सुटली. "दीपे, म्हणजे तुझा लेक खेळायला हवा असेल तर टीम सपाटून आपटायला हवी? मग सरळ देव पाण्यात घालून बस की!"

ती चेष्टेत म्हणाली, फोन ठेवून मोकळी झाली. पण मला सत्यजितमामा आठवला. नगरपालिकेच्या निवडणुकीत समोरचा पडावा म्हणून त्याने खरोखर देव पाण्यात ठेवले होते. आणि समोरचा पडलाही. मामाही पडला, तिसराच निवडून आला, तो भाग वेगळा.

दुपारी मामंजी झोपल्यावर मी माझा गणपती काढला. आईने लग्नात दिलेला, पितळी, अंगठ्याएवढा. उडोन नूडल्सच्या मोठ्या वाडग्यात पाणी भरलं आणि त्याला त्यात बसवला, गळ्यापर्यंत. "माफ कर रे बाबा," म्हटलं. "पोराचं वर्ष वाया चाललंय. फार नको. सहा-सात रनने हरू देत."

१६ एप्रिल, बुधवार

नऊ-एक! काल रात्री नऊ-एकने हरले! नचिकेतने शेवटचे दोन डाव टाकले, एकही रन दिला नाही. मी ओरडणार होते, तेवढ्यात बाजूला मामंजी आहेत हे ध्यानात आलं. त्यांची टीम बुडत होती आणि ते शांतपणे चष्मा पुसत होते. मी तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ म्हणतात. असेलही. माझा तर पाणकावळा.

सकाळी स्वयंपाकघरात आले तर मामंजी वाडग्यासमोर उभे.

"दीप्ती-सान, गानेशा-सान आंघोळीला बसलेत का?"

"प्रार्थना आहे, ओतोसान," मी म्हटलं. तोंडावर मी त्यांना ओतोसानच म्हणते, म्हणजे बाबा. "आमच्यात असं करतात. टीमसाठी."

"टीमसाठी," ते म्हणाले. त्यांनी वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या पेपरातल्या नऊ-एककडे बघितलं. "पाणी गार आहे," म्हणाले, आणि किटलीतलं कोमट पाणी हळूच वाडग्यात ओतलं. वर रुमालाच्या तुकड्याची चौकोनी घडी करून वाडग्याच्या काठावर ठेवली. गरम पाण्याच्या कुंडात बसताना इथली माणसं ठेवतात तशी.

इतका भोळा माणूस! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गणपती काही बाहेर काढला नाही.

२४ मे, शनिवार

महिनाभरात नचिकेत नऊ वेळा खेळला. टीम तळाला. पेपरात रोज मॅनेजरचा उतरलेला चेहरा.

आज शेजारच्या ओकुनो-सान घरच्या झाडाची बिवा फळं घेऊन आल्या. त्यांना वाडगा दिसला. मामंजी गंभीरपणे म्हणाले, "दीप्ती-सानची प्रार्थना आहे, कॉर्मोरंट्ससाठी." ओकुनो-सानचे डोळे भरून आले. त्यांनी देवळात वाजवतात तशा दोन टाळ्या वाजवल्या, कमरेत वाकल्या, आणि एक बिवा गणपतीसमोर ठेवून म्हणाल्या, "या वर्षी तरी आमच्या पोरांना जिंकू द्या." मामंजींना एकदम जोराचा ठसका लागला आणि ते गॅलरीत जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. खांदे हलत होते. या वयात ठसका बरा नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं.

आणि मी मेली तिथेच चहा गाळत उभी! कुठे फेडू हे पाप?

संध्याकाळी अकरा-दोनने हरले. नचिकेतने पाच जणांना सलग आउट केलं. बिवा गोड होती.

१२ जून, गुरुवार

पाणकावळ्यांना काय झालंय कोण जाणे, सलग पाचवी मॅच जिंकले. नचिकेत दोन आठवडे शेडमध्ये. घरात सुतक असल्यासारखं.

मामंजींनी भात अर्धाच खाल्ला. "ओतोसान, जिंकतायत ना?" म्हटलं. "हो, हो. छान आहे," म्हणाले आणि विजयी खेळाडूची मुलाखत सुरू व्हायच्या आत टीव्ही बंद केला. उकाड्याने भूक गेली असणार. उद्या त्यांना ताक करून देते.

गणपतीचं पाणी बदलायला गेले तर आधीच बदललेलं होतं.

१४ जुलै, सोमवार

सोमवारी मॅच नसते. नचिकेत जेवायला आला. वरणभात, बटाट्याची भाजी, पोळ्या. टीम परत हरायला लागल्यामुळे पोराचा रंग उन्हाने करपलाय, पण हात कसला झालाय, खांबासारखा. मराठी आता फक्त ताटापुरती उरली आहे, "वाढ" आणि "बस". बाकी सगळं जपानीत.

मी न राहवून म्हटलं, "अरे, मॅनेजरशी बोल एकदा. चांगल्या मॅचमध्ये टाकायला दे म्हणावं. लोक उठून गेल्यावर कीर्तन करण्यात काय अर्थ आहे?"

कीर्तन त्याला कळलं नाही. समजावून सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"आई, सत्तावीस आउट झाल्याशिवाय मॅच संपत नाही. दहाने मागे असलो तरी नाही संपत. कुणी दया करून सोडत नाही. कुणीतरी ते आउट काढल्याशिवाय कुणालाच घरी जाता येत नाही. ते मी काढतो. म्हणून दुसऱ्या दिवशी बाकीच्यांचे हात ताजे असतात. मला त्याची लाज वाटत नाही. तुला वाटते."

"मला लाज? अरे, तुझ्यासाठी मी काय काय..." आणि जीभ चावली.

नचिकेत इथे सगळ्यांचा नाची, टीमच्या यादीतसुद्धा. मामंजी लोणचं पुढे सरकवत म्हणाले, "नाची, आठव्या डावात सगळी कोबे टीव्ही बंद करते. तुझी आई तेव्हा लावते."

नचिकेत उठला. हात धुवायला गेला आणि तिथून विचारलं, "हा गणपती पाण्यात का?"

मी उगाच ताटं गोळा करायला लागले. मामंजीच पटकन म्हणाले, "उन्हाळा आहे ना."

निघताना नचिकेतने बूट घालता घालता माझ्याकडे न बघता सांगितलं की शेडमधली नवी मुलं हल्ली त्याच्याकडे येऊन बसतात, हरताना मन कसं शांत ठेवायचं ते विचारतात. मी म्हटलं, बाबा रे, तू त्यांना शिकवत बस आणि ते तुझी जागा घेऊन बसतील. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो गेल्यावर वाटलं, नको होतं बोलायला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. लोकांचा गणपती आधी मखरात आणि शेवटी पाण्यात. माझा एप्रिलपासून पाण्यात! आज त्याला बाहेर काढला, चिंचेने घासला, लखलखला. मोदक केले. ओकुनो-सानना दिले, त्या म्हणाल्या, "आज नक्की जिंकणार."

जिंकले ना खरंच! तीन-दोन. नचिकेत शेडमध्ये.

मामंजी मोदक खाता खाता म्हणाले, "गानेशा-सान परत कधी बसणार?"

"दीड दिवसाचा असतो आमच्याकडे, ओतोसान."

"म्हणजे शुक्रवारच्या मॅचला बसतील." ते उठले आणि कॅलेंडरवर खूण करून आले. किती श्रद्धा! आमच्याकडची माणसं एवढं करत नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

काल ग्राउंडवर गेले होते. आज लिहायला बसलेय, पण मन थाऱ्यावर नाही.

पहिला पिचर होसोया नावाचा, एकवीस वर्षांचा कोवळा पोरगा. पहिल्याच डावात त्याला सात रन ठोकले. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर होसोयाच्या नावाचा टॉवेल. प्रत्येक फटक्याला ती तो टॉवेल पिळत होती. मी आपली आनंदात. म्हटलं, आज नचिकेत लवकर येणार, भरपूर टाकणार.

आलाच. लोक उठायला लागले होते, पायऱ्यांवर रांग लागली होती. ढोलवाले आणि तुताऱ्यावाले मात्र हलले नाहीत. इथे ते एक बरं आहे. शून्य-दहा असलं तरी प्रत्येक खेळाडूचं गाणं ठरलेल्या वेळी वाजवतातच. मी "नाची!" म्हणून ओरडले, तशी ती बाई दचकली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही नाची-सानच्या आई का?"

"हो."

ती उठून उभी राहिली आणि कमरेतून वाकली. "होसोया माझा मुलगा. त्याने घाण केली आणि तुमच्या मुलाला निस्तरावी लागतेय. माझ्या मुलामुळे तुम्हाला त्रास. माफ करा."

तिचं तोंड रडून सुजलेलं, आणि मी गेले पाच महिने देवाकडे नेमकं हेच मागत होते. सात रन माझ्या वाडग्यातून आले होते. मी तिचा हात धरला, "नाही हो, नाही हो," एवढंच म्हणत राहिले. देव मला माफ करो, पण त्या क्षणी मला स्वतःची किळस आली. तिचाही पोटचा गोळाच आहे ना.

नचिकेतने चार डाव टाकले. शेवटच्या आउटनंतर मॅनेजरने शेडपाशी उभं राहून स्वतःची टोपी काढली. घाम पुसायला काढली असेल.

आज सकाळी उठल्या उठल्या गणपतीला बाहेर काढायला गेले. मामंजी चहा घेत बसले होते. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. कधी करत नाहीत ते असं.

"अजून नको, दीप्ती-सान."

"पण ओतोसान, काही उपयोग नाही. बघताय ना, टीमची काय दशा झालीय."

"बघतोय," ते म्हणाले. "थोड्याच मॅच राहिल्यात. तेवढ्या होऊ देत." आणि किटली घेऊन आले.

त्यांना अजून आशा आहे! त्यांच्यासमोर मी काय तोंड उघडणार? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे वाडग्यात गणपती.

२८ सप्टेंबर, रविवार

सगळं आजच लिहून काढते.

सीझनची शेवटची मॅच, घरच्या मैदानावर, दुपारची. शेवटचा नंबर कधीच नक्की झालाय. पण आज हरले असते तर क्लबाच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅच हरल्याचा डाग लागला असता. स्टेडियम खच्चून भरलेलं. मामंजींचा गुडघा दुखतो म्हणून ते घरी, तोरु या शनिवार-रविवारी नागोयालाच अडकलेला, मी एकटी.

आठव्या डावापर्यंत पाणकावळे चार-तीनने पुढे! अशा वेळी भारी पिचर येतात. पण सगळ्यात भारी जो, त्याचा खांदा मागच्या आठवड्यात गेला. त्याच्या खालचा आला, तर त्याचा बॉलच जागेवर पडेना. एक आउट, दोन माणसं बेसवर, एका चांगल्या फटक्याचा अवकाश की मॅच गेली. मॅनेजर चालत मैदानात आला. बुलपेनचं दार उघडलं. आणि लाउडस्पीकरवर बाईंचा आवाज, "पिचर, नाची."

सगळ्या स्टेडियमने श्वास रोखला. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "नाची? आपण तर पुढे आहोत!"

माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट. गणपती पाण्यात आहे! पोराला आयुष्यात पहिल्यांदा जिंकती मॅच मिळालीय, आणि घरी स्वयंपाकघरात देव हरण्यासाठी गळ्यापर्यंत बसलाय! मी फोन लावला.

"ओतोसान! गणपती! पाण्यातून काढा, आत्ताच्या आत्ता!"

"काढला," मामंजी म्हणाले.

"काढला? कधी?"

"बुलपेनचं दार उघडलं तेव्हाच. तो रुमाल ओला होता, म्हणून माझ्या टोपीने पुसला. टीव्हीसमोर बसवलाय."

ढोल वाजत होते. "ओतोसान," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दीप्ती-सान, ही टीम जिंकावी म्हणून मी साठ वर्षं प्रार्थना केली. एकही लागू पडली नाही. तुमची पहिल्याच दिवशी लागू पडली. तेव्हाच समजलं, ही जिंकण्यासाठी नसणार."

मी तिथेच, चाळीस हजार माणसांत, हुंदका देऊन रडले. मामंजी म्हणाले, "आता फोन ठेवा. तो टाकतोय."

पहिलाच बॉल. समोरच्याने मारला तो सरपटत थेट आमच्या माणसाच्या हातात, तिथून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या, आणि एका फटक्यात दोघं आउट! नववा डावही त्यालाच दिला. एक फटका कुंपणापर्यंत गेला, पण आमच्या माणसाने झेल घेतला. सत्तावीस आउट. शेवटचे पाच माझ्या मुलाचे.

नंतर त्याला मैदानात उभं करून मुलाखत घेतली. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाला, "मी येतो तेव्हा लोक निघत असतात. आज सगळे बसून होते, म्हणून पाय कापत होते." सगळं स्टेडियम हसलं. मला नाही हसू आलं.

घरी आले तर गणपती टीव्हीच्या समोर उशीवर, शेजारी मामंजींची ओली टोपी. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांना ही पद्धत माहीत नाही, ते गडबडून मागे सरकले.

"तुमची टीम होती, ओतोसान. एवढी वर्षं..."

"टीम माझी," ते म्हणाले, "आणि नातू कुणाचा?" मग चष्मा काढून पुसायला लागले. "समोरच्यांनी होमरन मारली की मी चष्मा पुसायचो. म्हटलं, आता नाची येईल, नीट दिसायला हवा. साठ वर्षांत असं कधी केलं नव्हतं. माझे मॅचचे दोस्त सगळे वर गेलेत. त्यांना काय तोंड दाखवणार आहे, माहीत नाही."

आम्ही दोघांनी उरलेली सोलकढी संपवली. आता फोन काही येत नाही. अशा मॅचनंतर कुणाची छाती आहे माझ्या पोराला काढायची!

१ ऑक्टोबर, बुधवार

फोन आला.

नचिकेत नवरात्रातलं जेवायला म्हणून आला होता. पोळी हातात होती. त्याने नंबर बघितला, उठून उभा राहिला आणि भिंतीकडे तोंड करून तीनदा "हाय" म्हणाला, म्हणजे हो. मग "समजलं, थँक यू" म्हणून भिंतीलाच वाकून नमस्कार केला.

"आई," म्हणाला, "माझा सूट कुठे आहे?"

मी कपाटातून काढला. सगळ्यात मागे होता, चुरगळला होता. इस्त्री करताना दोनदा थांबले. एकाच मॅचवर भाळलेली मीच वेडी. तळाला गेलेला क्लब झाडू मारणारच, आणि झाडू मारताना आधी उतरंडीचं खालचं मडकं जातं.

मामंजींनी टोपी खुंटीला अडकवली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा.

नचिकेत सूट घालून गेला आणि अकराच्या गाडीने परत आला. टाय सैल केला आणि बसला. साहेब चांगलं बोलले म्हणे. सहा वर्षांचे आभार मानले. मॅनेजरही मुद्दाम आले होते. म्हणाले, "तू होतास म्हणून ही पोरं हरूनसुद्धा दुसऱ्या दिवशी मैदानात यायची. ऑफिसला हे पटवता आलं नाही, माझी चूक." आणि परत टोपी काढली. म्हणजे त्या दिवशीही घामासाठी काढली नव्हती. मला मेलीला काही म्हणून कळत नाही.

ऑफिसात नोकरी देऊ केली होती. नचिकेत नको म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"नोव्हेंबरात ट्रायआउट आहे. काढलेले सगळे पिचर आणि काढलेले सगळे बॅटर एका मैदानात. बाकीच्या क्लबांची माणसं बघायला येतात. तीन-चार बॅटरना टाकायला मिळतं."

"आणि कुणी घेतलं नाही तर?"

"तर सूट आहेच की." आणि हसला. खरंच हसला. "पण माझे आउट अजून संपले नाहीत, आई."

मी दसऱ्याची पूजा मांडली होती. गणपती, त्याच्यासमोर नचिकेतचा ग्लव्ह आणि एक बॉल. आज हत्यारांची, अवजारांची पूजा असते हे मामंजींना सांगितलं. ते आत गेले आणि कपाटातून तेलकट वासाचा एक जुना, फुगीर ग्लव्ह घेऊन आले. तरुणपणी कारखान्याच्या टीममध्ये विकेटकीपरसारखे मागे बसायचे, तेव्हाचा. तो त्यांनी नचिकेतच्या ग्लव्हशेजारी ठेवला. मी दोन्हींना हळदकुंकू लावलं.

नचिकेतने नमस्कार केला. मग किती वर्षांनी कोण जाणे, मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "आई, या वेळी देव पाण्यात नको."

मी मामंजींकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"नाही घालत रे," मी म्हटलं. "तिथे समोर बॅट घेऊन उभा राहील त्यालाही सूट घालायला लावलेलाच असणार. त्याचीही आई कुठेतरी टॉवेल पिळत बसली असेल. आता कुणाचं पडणं मागू मी?"

त्याला सगळं कळलं की नाही माहीत नाही. त्याने ग्लव्ह उचलला. मामंजींनीही त्यांचा उचलला, हळदकुंकवासकट, आणि दोघं गल्लीत गेले. मामंजी ओकुनो-सानच्या भिंतीला पाठ लावून प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. गुडघा वाकत नाही, म्हणून पाय सरळ पसरून. नचिकेत दूर गेला.

मी गणपतीला खिडकीत ठेवला, कोरडा, गल्लीकडे तोंड करून. "तुझ्याकडे काही मागत नाही," म्हटलं. "पाच महिने बुडवून ठेवलं, आता नुसतं बघ."

बॉल मामंजींच्या ग्लव्हमध्ये बसला तसा फाट्कन आवाज आला. "सावकाश टाकू का?" नचिकेतने विचारलं. मामंजी ओरडले, "मी काय म्हातारा आहे का?"

संध्याकाळी त्यांच्या हाताला बर्फ लावावा लागला. उद्या सकाळी सहाला परत बसणार म्हणतात. मी अलार्म लावलाय.